पाइप हातात घेण्याआधी: सामाईक बागेतला माळकामाचा दिवस

विचारणा थोडक्यात अशी आहे. वसाहतीच्या सामाईक बागेत माळी रोज येतो, दीड-दोन तास सगळीकडे पाइपने पाणी मारतो, आठवड्याला गवत कापतो, महिन्या-दोन महिन्यांनी कुंपण छाटतो. तरीही झुडपे पिवळी पडतात, कुंपण खालून उघडे पडले आहे, हिरवळीत टक्कल पडले आहे आणि नव्याने लावलेल्या रोपांतली निम्मी वर्षाच्या आत जातात. मग दिवसाचे काम लावायचे तरी कसे?

चारही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते: दिवस पाण्याने सुरू होतो, पाहणीने होत नाही. सार्वजनिक बागेतली झाडे कीड-रोगापेक्षा हाताळणीने जास्त जातात, असे माझे ठाम मत आहे. वरवरचे पाणी, यंत्राने सोललेले खोड, तुडवून घट्ट झालेली माती, बुंध्याशी चढवलेला ढीग. कीड येते ती नंतर, आधीच थकलेल्या झाडावर. म्हणून दिवसाचा क्रम असा लावायचा की आधी डोळे, मग पाणी, मग धारदार हत्यारे आणि शेवटी फवारणी.

सकाळची पहिली अर्धी-पाऊण तासाची फेरी मोकळ्या हातांनी करावी. सोबत सिकेटर (छाटणीची हातकात्री), एक पिशवी, वही आणि मातीत खुपसायला हातभर लोखंडी सळई, एवढेच. फेरीचा मार्ग ठरलेला असू द्या: प्रवेशद्वार, पायवाटा, खेळायची जागा, बाकडी, मोठी झाडे, वाफे आणि शेवटी टाकी व वॉल्व्ह. मार्ग ठरलेला असला की काल नसलेली गोष्ट आज चटकन नजरेत भरते.

फेरीत पहिले लक्ष माणसांकडे. मोडून अडकलेली फांदी दिसली तर खालची जागा लगेच दोरी बांधून बंद करायची, कापण्याची सोय नंतर. खेळायच्या जागेत फुटकी काच, सुई किंवा खिळा पडला असेल तर तो चिमट्याने उचलून जाड डब्यात टाकायचा, पिशवीत कधीच नाही; पिशवीतली काच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात घुसते. फरशीवरचे शेवाळ, गळका सांधा, वर आलेली मुळी, वाटेवर लोंबणारी काटेरी बोगनवेल हे सगळे वहीत. पायवाटेवर फांद्या किमान सव्वादोन ते अडीच मीटर उंच हव्यात. वळणावरची झुडपे गुडघ्याच्या जरा वर, ६० ते ७५ सेंटिमीटरपर्यंत ठेवली की समोरून येणारे मूल किंवा सायकल दिसते. दिव्याचा खांब आणि सूचनाफलक झाकले गेलेत का, हेही याच फेरीत पाहावे.

मग झाडांकडे. सकाळची वेळ पाहणीला उत्तम, कारण दुपारी मान टाकलेले झाड काहीच सांगत नाही. भर उन्हात पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त असतो. जास्वंद, हायड्रेंजिया, भोपळ्याच्या जातीचे वेल दुपारी सहज कोमेजतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. सकाळी मात्र झाड मलूल असेल तर खरी अडचण आहे. ती दोन टोकांची असू शकते: माती खोलवर कोरडी आहे, किंवा पाणी साचून मुळे कुजत आहेत. दोन्हींत पाने सारखीच लोंबतात, म्हणून पाइप लावण्याआधी सळई खुपसा. सळई सहज आत गेली, बाहेर काढल्यावर तिला गार चिखल चिकटला आणि उग्र वास आला तर पाणी बंद. अशा झाडाला 'सुकलंय' म्हणून आणखी पाणी घालणे हे सामाईक बागेत झाडे जाण्याचे फार मोठे कारण आहे.

पिवळेपणाही नीट वाचता येतो. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही; माती चुनखडीची असते किंवा सतत ओली राहून मुळे काम करत नाहीत. दुसऱ्या प्रकारात युरिया टाकून काहीच साधत नाही. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होत असतील तर क्षार साचलेत, खत जास्त झाले आहे किंवा पाणी अपुरे पडते आहे.

जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर तिचा माग काढत शेंड्यापर्यंत जा. कोवळ्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असतील, बोटाने चिरडल्यावर चिकट रस निघेल. हे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्यांचे रक्षणही करतात. चार शेंड्यांवर सापडले तर ते चार शेंडे तिथेच कापून पिशवीत बंद करायचे. दोन मिनिटांचे काम. तेच पंधरा दिवस लांबले की सगळ्या ओळीला फवारणी लागते.

आता पाणी. यावर सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि सर्वांत जास्त चूकही इथेच होते.

आधी पाइप मोजा. १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा. ४५ सेकंद लागले तर पाइप मिनिटाला २० लिटर देतो. आता २० चौरस मीटरचा झुडपांचा वाफा घ्या. त्यात पाणी चांगले मुरायला साधारण २० मिलिमीटर द्यावे लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा या वाफ्याला ४०० लिटर, म्हणजे त्या पाइपने २० मिनिटे. प्रत्यक्षात पाइप घेऊन चालत पाणी मारणारा माणूस अशा वाफ्यावर दोन मिनिटे थांबतो. ४० लिटर पडतात, म्हणजे २ मिलिमीटर. पाने धुतली जातात, मातीचा रंग गडद होतो, पाहणाऱ्याला समाधान वाटते आणि ओल दोन बोटेही खाली जात नाही. दुपारपर्यंत ती उडून जाते. हे रोज चालले की मुळे त्या दोन बोटांतच पसरतात आणि माळी दोन दिवस आला नाही की सगळे एकदम मान टाकते.

म्हणून रोज सगळीकडे थोडे थोडे पाणी देणे सोडून द्या. बागेचे चार-पाच भाग पाडा आणि रोज एकाच भागाला पुरेपूर पाणी द्या. रुजलेल्या झुडपांना कोरड्या दिवसांत चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरते. हलकी वाळूमिश्रित माती असेल तर तीन दिवसांनी, भारी काळी माती असेल तर आठवड्यानेही चालते. अपवाद फक्त कुंड्या, हंगामी फुलांचे वाफे आणि या वर्षी लावलेली रोपे. त्यांना रोज पाहायचे आणि गरज असेल तर रोज पाणी द्यायचे.

पाणी घालून झाल्यावर तासाभराने खुरप्याने एका कोपऱ्यात वीतभर खणून पाहा. ओल कुठपर्यंत गेली ते उघड दिसते: वर गडद, खाली फिका थर. झुडपांसाठी ती ओल वीतभर तरी खाली जायला हवी. पाणी वाहून जात असेल आणि मुरत नसेल तर पाइप एकसारखा चालू ठेवू नका. पाच मिनिटे द्या, वीस मिनिटे थांबा, पुन्हा द्या. फार कोरडी झालेली माती पहिले पाणी झटकून टाकते. एकदा ओलसर झाली की मग पिते.

लहान झाडांना आळे हवे आणि ते खोडाला चिकटून नको. खोडाशी माती किंचित उंच, भोवती कडे, पाणी त्या कड्यात. झाड मोठे होईल तसे आळे बाहेर सरकवायचे, कारण पाणी ओढणारी बारीक मुळे खोडाशी नसतात, फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याच्याही पुढे असतात. खोडाची जाडी ५ सेंटिमीटर असलेल्या नव्या झाडाला पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत आठवड्याला साधारण ६० ते ७५ लिटर द्यावे, दोन-तीन हप्त्यांत.

ठिबक बसवलेले असेल तर 'चालू आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरली तर पंधरा मिनिटांत एक लिटर भरायला हवे. ओळीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रिपर तपासा. शेवटचा मागे पडत असेल तर फिल्टर धुवा, नळीच्या टोकाचे बूच काढून गाळ वाहू द्या. तुषारांसाठी हिरवळीवर पाच-सहा सपाट तळाचे एकसारखे डबे ठेवून अर्धा तास चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात १२ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ४ असेल तर तो पिवळा पट्टा का आहे याचे उत्तर मिळाले.

पाइप वाटेवर आडवा टाकू नका, कडेने फिरवा. वयस्कर माणूस पडायला तो एक वेटोळा पुरेसा असतो. आणि कुंड्यांखालच्या बशा, टाकलेले डबे, बंद कारंजे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे; डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवसच लागतात.

दव उडाले की हिरवळ. ओल्या गवतावर यंत्र चालवले की गवत तुटण्याऐवजी लोळते, गुठळ्या पडतात आणि चाकांच्या रेघांखाली माती दबते. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. हरळी ३ ते ४ सेंटिमीटरवर छान राहते. रुंद पानाचे गवत आणि सावलीतली कुठलीही हिरवळ ५ ते ७ सेंटिमीटर ठेवावी. 'खूप वाढलंय, एकदाच खालपर्यंत मारा' या मागणीला सरळ नाही म्हणावे. खालपर्यंत मारलेल्या गवताची हिरवी पानेच जातात, उरतात ती पांढरट देठे. उन्हाने माती तापते आणि मोकळ्या जागेत तण आधी उगवते. वाढलेले गवत तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत उतरवावे.

कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी हिरवळीवर पांढरट-तपकिरी झाक आली असेल तर गुडघ्यावर बसून एक पाते हातात घ्या. टोक सरळ कापलेले आहे की तंतू निघाल्यासारखे फाटलेले? फाटलेले असेल तर दोष गवताचा नाही, ब्लेडचा आहे. २० ते २५ तासांच्या वापरानंतर ब्लेडला धार लावावी लागते, दगड लागला असेल तर त्याआधीच. ब्लेड काढण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढायची, विजेचे यंत्र असेल तर प्लगच काढायचा. धार लावल्यावर ब्लेड मधल्या भोकात खिळ्यावर तोलून पाहा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूला आणखी घासा. तोल नसलेल्या ब्लेडने यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते.

टकलाचे कारण बहुतेक वेळा पावले असतात. लोक जिथून रोज आडवे जातात तिथे कितीही गवत लावले तरी टिकत नाही. तिथे 'गवतावरून चालू नये' असा फलक लावण्यापेक्षा पावला-पावलाच्या अंतरावर सपाट दगड बसवावेत, गवताच्या पातळीपेक्षा किंचित खाली, म्हणजे यंत्र वरून जाते. उरलेल्या दबलेल्या भागात काट्याची दाताळी ८ ते १० सेंटिमीटर खोल, १० सेंटिमीटरच्या अंतराने खुपसून थोडी मागेपुढे हलवायची आणि वरून बारीक चाळलेले कंपोस्ट व वाळू झाडूने भोकांत लोटायची. हे काम वाफसा असतानाच करायचे. माती मुठीत दाबून पाहा: गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर फुटतो, तो वाफसा. गोळा चिकणसर राहिला तर थांबा, ओल्या मातीत खुपसलेले काटे भोकांच्या भिंती लिंपून टाकतात.

हिरवळीला युरिया द्यायचाच असेल तर चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे १०० चौरस मीटरला एक किलो. त्याचे दोन भाग करा, एक भाग उभ्या ओळींत पसरा, दुसरा आडव्या. पाने कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. मुठीने फेकलेल्या खताचे ठिपके आठवड्याभरात जळून दिसतात.

ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाशी नायलॉनची दोरी फिरवून गवत कापणारे यंत्र. या एका यंत्राने सार्वजनिक जागेतली किती झाडे मारली असतील, हे पाहायचे तर कुठल्याही रस्त्याकडेच्या झाडाचा बुंधा जमिनीलगत पाहा. नायलॉनची दोरी सालीवर आपटून आपटून चारी बाजूंनी खाच पाडते. सालीच्या लगेच आत जिवंत थर असतो, पानांतले अन्न मुळांकडे सालीतूनच जाते. ती खाच पूर्ण वर्तुळ झाली की मुळे उपाशी राहतात आणि झाड वर्ष-दोन वर्षांत वाळते. तोवर जखम कुणाच्या लक्षातही राहत नाही आणि दोष वाळवीला जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक झाडाभोवती किमान अर्धा मीटर त्रिज्येचे गोल गवतमुक्त ठेवा, त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. तिथे यंत्र न्यायची गरजच उरत नाही. ब्रश कटर चालवताना १५ मीटरच्या आत कुणी नसावे, डोळ्यांवर गॉगल, पायात बंद बूट. दगड गोळीसारखा उडतो, त्यामुळे मुले शाळेत असतानाची वेळ निवडा.

कुंपण खालून उघडे पडते ते आकारामुळे. वरच्या फांद्यांची वाढ नेहमीच जोमदार असते. बाजू सरळ उभ्या कापल्या तरी वरचा भाग हळूहळू पसरतो, खाली सावली पडते आणि खालची पाने गळतात. कापताना तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवा. मीटरभर उंचीला प्रत्येक बाजूने ८ ते १० सेंटिमीटर आत झुकाव पुरतो. डोळ्याच्या अंदाजाने कापू नका, दोन खुंट्या आणि एक दोरी ताणा. आधीच उघडे पडलेले दुरांटाचे कुंपण सुधारायचे असेल तर वाढीच्या हंगामाच्या तोंडावर एक बाजू आतल्या फांद्यांपर्यंत मागे घ्या, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर अन्न बनवायला पानेच उरत नाहीत. आणि कात्री लावण्याआधी कुंपणात हात घालून पक्ष्याचे घरटे नाही ना ते बघा. अंडी-पिल्ले असतील तर तेवढा भाग काही आठवडे सोडून द्यावा. कुंपण थोडे वेडेवाकडे दिसले तर कुणाचे काही जात नाही.

छाटणीत हत्यार फांदीच्या जाडीवर ठरते. २ सेंटिमीटरपर्यंत सिकेटर, ४-५ सेंटिमीटरपर्यंत लांब दांड्याची कात्री, त्यापुढे करवत. सिकेटर पिळून पिळून कापावे लागत असेल तर फांदी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे; साल चिरडते आणि तिथून कूज शिरते. जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा काप त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली. फांदी पडते आणि साल खोडापर्यंत फाटत नाही. उरलेले ठूठ तिसऱ्या कापाने काढायचे, तेही खोडाशी सपाट नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर, सुरकुतलेला गळा असतो. त्याच्या जरा बाहेर कापले की तोच गळा जखमेवर साल चढवतो. गळाच कापून टाकला तर जखम मोठी होते, आणि ठूठ लांब ठेवले तर ते वाळून कुजते. जखमेला डांबर, गेरू, रंग काही लावू नका. त्याने ओल आत अडकते. एका वर्षात झाडाच्या पसाऱ्याच्या पावपेक्षा जास्त भाग काढू नये. शिडीवरून करवत चालवावी लागेल, विजेच्या तारेजवळ असेल किंवा फांदी मनगटापेक्षा बरीच जाड आणि वाटेवर असेल, तर ते काम बागेतल्या माळ्याचे नाही. त्यासाठी दोर-पट्ट्याची साधने असलेले प्रशिक्षित लोक बोलवावेत.

कण्हेर छाटताना हातमोजे घाला. तिचे सगळे भाग विषारी आहेत, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि काटक्या कधीच जाळू नका, धूरही विषारी असतो. खेळायच्या जागेशेजारी ती मुळात लावूच नये.

तणांत दोन वेगळे ओळखावेत, कारण दोघांची वागणूक वेगळी आहे. गाजर गवत बियांवर पसरते, म्हणून फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचे, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. त्याने त्वचेला खाज आणि श्वासाचा त्रास होतो. नागरमोथा जमिनीखालच्या गाठींवर जगतो. वरचे पाते ओढले की गाठ आतच राहते आणि पुन्हा फुटते. तरीही ओढत राहायचे, मात्र पाच-सहा पाने होण्याआधी. त्याआधी ओढले की गाठीतला साठा प्रत्येक फुटव्याला खर्च होतो आणि नव्या गाठी बनत नाहीत. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी, असे सलग दोन हंगाम. कुदळीने खणून उलथापालथ केली तर गाठींच्या साखळ्या तुटतात आणि एकाच्या दहा जागा होतात.

खुरपलेल्या वाफ्यावर आच्छादन घालायचे, ५ ते ८ सेंटिमीटर जाड. १० चौरस मीटरला ५ सेंटिमीटर म्हणजे ५०० लिटर, १५ लिटरच्या घमेल्याने ३३-३४ घमेली. एवढा पालापाचोळा लागतो हे कळले की तो जाळायचा विचार कुणी करत नाही. खोडापासून मात्र वितीच्या अंतरावर थांबा. खोडाशी चढवलेला पाचोळ्याचा किंवा मातीचा ढीग साल सतत ओली ठेवतो, साल कुजते आणि वरून मुळे फुटून खोडालाच फास घालतात. उरलेला पाला ढिगात: सुका पाला दोन-तीन घमेली, ओला हिरवा कचरा एक घमेले, असे थर, ढीग सगळ्या बाजूंनी किमान मीटरभर. लहान ढीग तापत नाही. मुठीत पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल इतकी ओल. आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता आली की तणांचे बी बहुतांशी मरते. ती उतरू लागली की बाहेरचे आत असे उलथायचे. वास मारत असेल तर सुका पाला कमी पडला आहे. नागरमोथ्याच्या गाठी आणि रोगट फांद्या या ढिगात घालू नयेत.

उन्हे चढली की मेहनतीची कामे थांबवायची. गरम दिवसांत दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. गरगरणे, मळमळ, घाम थांबणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले की त्या माणसाला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी घालायचे आणि वैद्यकीय मदत बोलवायची. बागेची देखरेख करणाऱ्या समितीने माळ्यासाठी सावलीची जागा आणि पिण्याचे पाणी ठेवलेच पाहिजे; खतांच्या यादीइतकीच ही गरजेची गोष्ट आहे. दुपारचा वेळ सावलीतल्या कामांना: रोपे कुंड्यांत बदलणे, कटिंग लावणे, हत्यारांना धार.

नवीन रोप लावायचे ते संध्याकाळी. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोल खड्ड्यात सैल माती भरून वर रोप ठेवले की ते काही महिन्यांत खचते आणि बुंधा मातीखाली जातो. पिशवी पूर्ण काढा, कडेने गोल फिरलेली मुळे सुटी करा किंवा कापा. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. आधाराची काठी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, बांधायला रुंद मऊ पट्टी, इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. थोडे हलले की खोड जाड होते. वर्षभराने काठी आणि पट्टी काढायची तारीख वहीत आजच लिहा. विसरलेला सुतळीचा फास आणि कधीच न काढलेली लोखंडी जाळी यांनी चांगली रुजलेली झाडेही चिरलेली दिसतात.

फवारणी सगळ्यात शेवटी, ऊन उतरल्यावर, वारा नसताना आणि मधमाश्या परतल्यावर. पिठ्या ढेकूण किंवा माव्याला लिटरमागे ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि १-२ मिलिलिटर सौम्य द्रव साबण. तेल आणि साबण आधी थोड्या कोमट पाण्यात घोटून पांढरे दूध होऊ द्या, मग उरलेले पाणी; नुसते तेल पाण्यात टाकले तर ते वर तरंगते, पहिल्या झाडाला पाणी आणि शेवटच्याला तेल मिळते. पानांच्या खालच्या बाजूला फवारा, सात-आठ दिवसांनी पुन्हा. नव्या जातीच्या झाडावर आधी दोन फांद्यांवर फवारून दोन दिवस थांबा. विकत आणलेले कुठलेही औषध वापरले तर लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत तो भाग दोरी लावून बंद ठेवायचा आणि वेळ लिहिलेला फलक टांगायचा. खेळायच्या वेळेत, बाकड्यांजवळ फवारणी नाहीच.

आवरायला अर्धा तास राखून ठेवावा. सिकेटर, करवत ७० टक्के स्पिरिटने पुसून घ्या. रोगट झाड कापले असेल तर झाडागणिक पुसायचे, दिवसअखेर नाही. मग कोरडे करून पात्याला तेलाचा हात. खुरपी-कुदळ मातीसकट ठेवू नयेत. अवजारे मोजून खोलीत, एखादे राहिले तर गवतात दात वर करून पडलेली दाताळी उद्या कुणाच्या तरी पायाखाली येते. वॉल्व्ह बंद केल्यावर पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी फेरीच्या आधी तो पुन्हा पाहा. रात्रीत कुणी पाणी वापरलेले नसताना आकडा पुढे गेला असेल तर जमिनीखाली कुठेतरी सांधा गळतो आहे.

वहीत प्रत्येक दिवसाला चार ओळी पुरतात: कोणत्या भागाला किती मिनिटे पाणी, काय छाटले, काय फवारले, आणि उद्या सर्वांत आधी काय पाहायचे. माळी बदलला किंवा रजेवर गेला तर त्याच्या जागी आलेल्या माणसाने ही वही उघडावी, तिसऱ्या भागाला परवा पाणी झाले आहे हे वाचावे आणि पाइप चौथ्या भागाकडे न्यावा.